फुलपाड्याची शीव : वसई बेटाची मर्यादा व तेथील जुने भूविभाग

वसईकडील जुने कागद ज्यांच्या हातीं येतात त्यांस पहिल्या ओळीपासूनच एक अडचण पडते. एका कागदांत गांवाच्या नांवामागें ‘कसबे’ असतें, दुसऱ्यांत तोच गांव एखाद्या परगण्यापैकीं ठरतो, तिसऱ्यांत ‘प्रांत वसई’ आणि चवथ्यांत ‘तालुके वसई’ असें लिहिलेलें सांपडतें. संग्राहक बहुधा गांवाच्या नांवावरून कागदांची वर्गवारी करून मोकळे होतात व विभागाचा शब्द हा मायन्याचा भाग समजून सोडून देतात. आमच्या मतें ह्यांत मोठी हानि होते. मितीचा तुकडा फाटून गेला, शिक्का पुसट झाला, लिहिणाराचें नांव वाळवीनें खाल्लें, तरी विभागाचा शब्द बहुधा शाबूत राहतो. आणि वसई बेटापुरतें बोलावयाचें तर तो शब्द कागदाचा काळ सांगण्यास पुष्कळ वेळां पुरा पडतो. परंतु त्यासाठीं कोणता विभाग कोणीं, कशाच्या मोजणीवर पाडला हें आधीं समजलें पाहिजे. आणि त्याच्याही आधीं बेट कोठें संपतें हें पाहिलें पाहिजे.

वसई हें बेट होय, असें आज कोणास सांगितलें तर तो हंसेल. पश्चिमेस समुद्र, दक्षिणेस वसईची खाडी, उत्तरेस वैतरणेचें मुख व त्याच्या तोंडाशीं अर्नाळ्याचें लहान बेट, ह्या तीन बाजू उघड आहेत. प्रश्न आहे तो पूर्वेचा. ह्या बाजूस पूर्वीं खाडीचा एक फांटा दक्षिणेकडून व दुसरा उत्तरेकडून आंत शिरत असे, आणि दोहोंच्या मधील सखल दलदल भरतीच्या वेळीं पाण्याखालीं जाई. ह्याच फांट्यावर सोपारें वसलें होतें. आज समुद्रापासून कांहीं मैल आंत असलेला हा गांव एके काळीं जगाच्या बाजारांत प्रसिद्ध असलेलें बंदर होता, ह्याचा उलगडा ह्या खाडीवांचून होत नाहीं. पुढें गाळ सांचला, मिठागरांचे व खारजमिनीचे बांध पडले, भराव झाले, आणि बेट मुख्य भूमीस चिकटलें. इ. स. १८६४ मध्यें मुंबईपर्यंत पोहोंचलेला लोहमार्ग नायगांव, वसई रोड, नालासोपारा व विरार ह्या स्थानकांवरून जातो. तो बहुतेक ह्या जुन्या सांध्यालाच धरून गेलेला आहे. नालासोपारा हें नांव तर नाळें आणि सोपारें ह्या दोन गांवांचें जोडनांव असून तें स्थानकापायींच रूढ झालें. जुन्या कागदांत तें एक गांव म्हणून आलें तर तो कागद जुना नव्हे, इतकें येथेंच सांगून ठेवतों.

विरारच्या पूर्वेस जीवदानीचा डोंगर आहे. त्याच्या पायथ्यालगत, पापडखिंडीच्या धरणाच्या बाजूस, फुलपाडा ही वस्ती आहे. म्हणजे बेट आणि मुख्य भूमि ह्यांच्या जुन्या सांध्याच्या पूर्वेच्या कांठावर ती पडते. तेथून पश्चिमेकडे जमीन सपाट, खारट व मग वाळूची होत समुद्रास मिळते. पूर्वेकडे ती चढत जाऊन तुंगार व कामणदुर्ग ह्यांच्या रांगेस मिळते. फुलपाडा हें नांवच ह्या शिवेची खूण आहे. पाडा हा शब्द डोंगराकडचा होय. उत्तर कोंकणांत वारली, कातकरी, मल्हार कोळी इत्यादि लोकांच्या वस्त्यांस पाडे म्हणतात. एका गांवाच्या पोटांत असे अनेक पाडे विखुरलेले असतात. बेटाच्या पश्चिम अंगास उतरलें म्हणजे पाडा हा शब्द विरळ होत जातो आणि वाडी, आळी, पाखाडी हे शब्द लागतात. एकाच मैलादोन मैलांत वस्तीचें सामान्यनाम बदलतें, हें कोणत्याही नकाशापेक्षां अधिक बोलकें आहे.

आतां जमिनीचेच प्रकार पाहूं. कारण राजांनीं पाडलेले विभाग ह्यांच्यावरच बसविलेले आहेत. समुद्राला लागून उत्तरदक्षिण पसरलेला वाळूमिश्र जमिनीचा पट्टा हा वाड्यांचा पट्टा. अर्नाळें, आगाशी, वटार, नंदाखाल, राजोडी, कळंब, निर्मळ, भुईगांव, गास, गिरीज, सांडोर असे गांव ह्या पट्ट्यांत किंवा त्याच्या कांठाशीं आहेत. येथील पाणी वर गोडें व खोल गेल्यास खारें. म्हणून येथें खोल विहिरीपेक्षां बावखलास मान. बावखल म्हणजे पावसाचें व झिरपीचें गोडें पाणी धरून ठेवणारें उथळ खणलेलें तळें. त्याच्या कांठीं रहाट लावून केळी, पानवेली, ऊंस व फुलें पिकविलीं जात. वाडवळ हें ज्ञातिनाम ह्या वाडीवरूनच आलेलें आहे. ह्या पट्ट्याच्या पूर्वेस भाताची सखल जमीन. तिच्या पलीकडे खाजण, म्हणजे भरतीचें पाणी खेळतें ती भूमि. तीस बांध घालून, उघाडी बसवून, खारें पाणी अडवून जी शेतास आणली ती खार. शेवटीं डोंगरउतारावरची वरकस जमीन, जेथें नाचणी, वरी होते आणि जेथील पालापाचोळा व फांट्या भाताच्या राबासाठीं खालच्या शेतांत नेल्या जातात.

हे चार पट्टे समुद्रकांठाशीं समांतर आहेत, ही गोष्ट लहान दिसली तरी तिचा परिणाम मोठा आहे. तुलनेसाठीं एक दूरचें उदाहरण घेतों. प्रशांत महासागरांतील कुक द्वीपसमूहांत मँगाया नांवाचें लहानसें बेट आहे. ते रांगी हिरोआ ह्या माओरी पंडितानें, ज्यास पीटर बक ह्या नांवानेंही ओळखतात, इ. स. १९३४ मध्यें त्या बेटाच्या समाजरचनेवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या बेटाचे सहा ‘पुना’ असून प्रत्येकाचे पोटविभाग ‘तापेरे’ आहेत. मध्यावरच्या टेंकडीपासून कांठच्या प्रवाळापर्यंत पुन्याच्या सीमा चाकाच्या आऱ्यांप्रमाणें जातात. त्यामुळें प्रत्येक विभागास थोडें रान, थोडी पाणथळ लागवडीची जमीन व थोडा समुद्र मिळतो. वसईस असें झालें नाहीं. येथें पट्टा आडवा, म्हणून वाडीवाल्यास राब व लांकूड डोंगरांतून आणावें लागे आणि पाड्यावरच्यास मीठ व मासळी पश्चिमेकडून घ्यावी लागे. मँगायाकडून दुसरेंही एक शिकण्यासारखें आहे. तेथें लढाई जिंकणारा पक्ष जमिनींची नव्यानें वांटणी करी. धनी बदलत, पण विभागांची नांवें व सीमा त्याच राहत. वसईस नेमकें उलट घडलें : धनी बदलला कीं वरच्या विभागांचीं नांवेंही बदलत, न बदलणारे राहिले ते तळचे.

ह्या वरच्या विभागांचा माग शक्य तितका जुन्या काळापासून घेऊं. सोपाऱ्यास इ. स. १८८२ मध्यें पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं बुरूड राजाच्या कोटाचा स्तूप उकरला व अशोकाच्या आठव्या शिलाशासनाचा तुकडा उजेडांत आणला. नवव्या शासनाचा तुकडा इ. स. १९५६ मध्यें भुईगांवास सांपडला. राजशासनें जेथें कोरलीं गेलीं तें स्थळ कोणत्यातरी प्रदेशाचें मुख्य ठाणें असलें पाहिजे. सातवाहनकाळीं प्रदेशविभागास ‘आहार’ म्हणत. नाशिकाकडे गोवर्धन आहार, मावळाकडे मामल आहार, तसा येथें सोपारक आहार होता. साष्टीपर्यंतची भूमि त्या काळीं सोपाऱ्याच्या नांवानें ओळखली जात होती, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. पुढें हा मान श्रीस्थानकाकडे, म्हणजे ठाण्याकडे गेला.

परंतु जमिनीचें माप म्हणून पाहतां सर्वांत मनोरंजक लेख नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताचा होय. हा क्षहरात नहपानाचा जांवई. त्यानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शोर्पारग येथें धर्मशाळा बांधल्या. आणि शोर्पारगाचें रामतीर्थ धरून चार ठिकाणच्या चरकपरिषदांस नानंगोल गांवांतील नारळीचीं ३२,००० झाडें दिलीं. नानंगोल म्हणजे सध्याचें नारगोळ असें विद्वान् मानतात. येथें दान बिघ्यांचें नाहीं, निवर्तनांचें नाहीं, झाडांचें आहे. निवर्तन हें क्षेत्राचें माप त्या काळीं माहीत नव्हतें असें नव्हे. समुद्रकांठच्या वाडीची किंमत तिच्या क्षेत्रावर नसून उभ्या झाडांवर असते, हा व्यवहार त्यास ठाऊक होता. वाडीच्या खरेदीखतांत आजही माड, पोफळी व आंब्यांची गणती येते ती ह्याच जातीची. कित्येक संग्राहक अशा याद्या घरगुती टांचण म्हणून बाजूस टाकतात. तसें करूं नये. वाडीच्या कागदांत झाडांची यादी हीच मोजणी असते.

शिलाहारांच्या काळीं विभागांस आंकडे जोडलेले दिसतात. त्यांच्या ताम्रपटांत पुरी ज्यांत प्रमुख आहे अशा चौदाशें गांवांच्या कोंकणाचा उल्लेख वारंवार येतो. भांडुप येथें मिळालेल्या चित्तराजदेवाच्या शके ९४८ (इ. स. १०२६) च्या ताम्रपटांत श्रीस्थानकांतर्गत ‘षट्षष्टि विषय’ आहे. हीच आपली साष्टी. सहासष्ट ह्या आंकड्यावरून साष्टी, हें व्युत्पत्तीच्या दृष्टीनें सरळ आहे. परंतु ह्या सरळपणानेंच पुष्कळांस भुलविलें आहे. कोणी सहासष्ट गांवांची यादी जुळविण्यास बसतो, यादी साठावर थांबली कीं दोनचार पाड्यांस गांवाचा मान देतो, आणि सत्तरावर गेली कीं दोनचार गांव गाळतो. हा उद्योग व्यर्थ होय. गोव्यांतही साष्टी आहे व तीही सहासष्टांचीच; तिच्या शेजारीं तीस वाड्यांची तिसवाडी व बारा देशांचा बारदेश आहे. दक्षिणेकडे गंगवाडी ९६,००० व वनवासी १२,००० असे आंकडे शिलालेखांत आहेत. ते गांवांचे म्हणून धरले तर त्या मुलखांत गांवांस उभें राहण्यासही जागा उरणार नाहीं. आमचें मत असें कीं, हे आंकडे ज्या दिवशीं विभाग ठरला त्या दिवशींच्या आकारणीचे आहेत. जितक्या गांवांवर किंवा भागांवर वसूल बसविला तितक्यांचें तें नांव. पुढें गांव मोडला, दोहोंचा एक झाला, खाजणास बांध पडून नवा गांव उठला, तरी नांवांतील आंकडा हालला नाहीं. इंग्रजी अमलांत साष्टी तालुक्यांतील गांवांची संख्या सहासष्टाच्या बरीच वर गेली, म्हणून कोणी तिचें नांव बदललें नाहीं. आंकडा हा नांवाचा अवयव झाला म्हणजे तो मोजणीचा पुरावा राहत नाहीं.

जमीन प्रत्यक्ष कशी ठरवीत तें पाहावयाचें तर त्याच ताम्रपटांतील चतुःसीमा पाहाव्या. पूर्वेस अमुक गांव, पश्चिमेस अमुक, असें नांवनिशीवार दिलेलें असतें. तेथें आंकड्याचें काम नाहीं. वसई बेटापुरता ह्या काळचा बहुमोल पुरावा आगाशी येथील हरिपालदेवाचा शके १०७२ चा शिलालेख होय. त्यांत ‘वट्टारक’ गांवाचा उल्लेख असून तें आगाशीशेजारचें सध्याचें वटार दिसतें. आणि साक्षीदारांच्या नांवांशीं ‘म्हातारा’ ही पदवी जोडलेली आहे. गांवचा म्हातारा म्हणजे गांवचा मुख्य. आजच्या म्हात्रे ह्या आडनांवाचें हें मूळ. नऊशें वर्षांमागें जे गांवच्या शिवेची साक्ष देत होते त्यांचें पद आडनांवाच्या रूपानें उरलें आणि ज्या राजानें दान दिलें त्याचें नांव मात्र दगडावरून वाचून काढावें लागलें.

ह्याच लेखावरून महिकावतीच्या बखरीचाही विचार करावा लागतो. कै. वि. का. राजवाडे ह्यांनीं ही बखर इ. स. १९२४ मध्यें प्रसिद्ध केली व तिला विस्तृत प्रस्तावना जोडली. सहा प्रकरणांपैकीं जें अंग सर्वांत जुनें तें शके १३७० च्या सुमारास केशवाचार्यानें रचलें. बाकीचें पुढें वेळोवेळीं जोडलें गेलें. उत्तर कोंकणांतील वतनदार घराण्यांत ह्या बखरीस वेदवाक्याचा मान आहे, आणि कित्येक कुळांच्या हस्तलिखितांत तिचे उतारे आपापल्या सोयीनें वाढविलेले आढळतात. बखरींत प्रतापबिंबाचें आगमन शके १०६० मध्यें सांगितलें आहे. त्यानंतर बारा वर्षांनीं आगाशीस शिलाहार हरिपालदेवाच्या नांवानें दान होत आहे. तेव्हां सर्व उत्तर कोंकणावर बिंबाचें निष्कंटक राज्य होतें, हें बखरीचें म्हणणें दगडापुढें टिकत नाहीं. म्हणून बखर टाकून द्यावी असें मात्र नव्हे. राजांचा क्रम व मित्या ह्यांसाठीं ती कच्ची. गांवें, वृत्ति, वतनें आणि विभागांचे शब्द ह्यांसाठीं ती पक्की आहे. गांवांच्या समूहास ती ‘खापणें’ म्हणते. हा शब्द पुढच्या सरकारी दप्तरांतून पार गेला. घरगुती कागदांत तो आढळला तर, लिहिणाऱ्यापुढें बखरीची प्रत होती कीं जुन्या वहिवाटीची आठवण होती, हें संग्राहकानें ताडून पाहावें. केवळ त्या एका शब्दावर कागदास पंधराव्या शतकांत नेऊन बसवूं नये.

गुजराथच्या सुलतानांकडून वसई पोर्तुगीजांकडे आली ती इ. स. १५३४ च्या डिसेंबरांतील तहानें. बहादुरशहानें दिलेल्या ह्या मुलखाची मोजदाद त्यांचा वसूलमंत्री सिमाँव बोतेल्यु ह्यानें इ. स. १५५४ च्या आपल्या ‘तोंबू’ नामक दप्तरांत केली. तें दप्तर इ. स. १८६८ मध्यें लिस्बन येथें छापलें गेलें. हें दप्तर वाचतांना जाणवतें तें असें कीं, नव्या धन्यानें जुनीच चौकट उचलली. परगण्याचें त्यांनीं ‘प्रगना’ केलें. वसई बेटाच्या मुलखास ते ‘कासाबे’ म्हणत. हें कसबे ह्या शब्दाचेंच रूप. भातास ‘बाते’ आणि मुड्यास ‘मुरा’. ज्या लोकांनीं येथें किल्ले व देवळें आपल्या देशच्या धर्तीवर बांधलीं, त्यांस जमिनीसाठीं स्वतःचे शब्द आणतां आले नाहींत, कारण जमिनीचा हिशेब देणारा पाटील व कुळकर्णी येथलाच होता. त्यामुळें पोर्तुगीज लेखांतील ‘कासाबे’ हा उल्लेख त्यांच्या पूर्वींच्या मुसलमानी अमलाचा पुरावा म्हणूनही वापरतां येतो. मराठी कागदांतील ‘कसबे’ मात्र जपून वाचावा. तेथें त्याचा अर्थ बहुधा बाजारपेठेचा मुख्य गांव इतकाच असतो, सगळें बेट नव्हे.

नवें जें आलें तें धारणेचें. राजाकडून गांव फिदाल्गूंस, म्हणजे सरदारांस, ठराविक ‘फोरू’ भरण्याच्या अटीवर, बहुधा तीन पिढ्यांच्या बोलीनें दिला जाई. घोडा व हत्यारें बाळगून मुलखाचें रक्षण करण्याचें कामही त्याजबरोबर येई. जेसुइत इत्यादि धर्मसंघांकडेही गांव होते. मुंबईंतील ‘फोरास’ जमिनी व फोरास रोड ह्या नांवांत तो फोरू अजून उरला आहे. बेटावर चर्चच्या हद्दीवरून दुसरीच एक विभागणी पडली. मर्सेस व रमेदी हीं वस्त्यांचीं नांवें अनुक्रमें कृपामाता व आरोग्यमाता ह्यांच्या पोर्तुगीज उपपदांवरून आलेलीं आहेत. पापडी, सांडोर, माणिकपूर, नंदाखाल, निर्मळ व आगाशी येथील धर्मग्रामांचे जन्ममृत्यूचे व लग्नांचे लेख हें ह्या प्रांताच्या इतिहासाचें साधन आहे. गांवाच्या कोणत्या आळींत कोणतें कुटुंब होतें हें त्यांत नोंदलेलें मिळतें. मोडी दप्तरांत रमणारे आमचे मित्र ह्या पुस्तकांकडे वळत नाहींत, आणि ती पुस्तकें पाहणारे मोडी वाचीत नाहींत. बेटाचा भूगोल मात्र दोहोंत अर्धा अर्धा पडून आहे.

चिमाजी आप्पानें वसई घेतली ती इ. स. १७३९ च्या मे महिन्यांत. तहाची मिति पोर्तुगीज लेखांत १६ व इंग्रजी लेखांत ५ येते, ह्यांत विरोध नाहीं. इंग्रज त्या वेळीं जुनेंच पंचांग चालवीत असल्यामुळें अकरा दिवसांचें अंतर पडतें. येथून पुढें कागद मराठी, सन सुहूर. सुहूर सनांत ५९९ किंवा ६०० मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. शंकराजी केशव फडके ह्यांच्या सरसुभेदारीपासून ‘प्रांत वसई’ हा प्रयोग रूढ दिसतो. फिदाल्गूंचे व धर्मसंघांचे गांव सरकारजमा झाले, कौल देऊन पडीक जमिनी लागवडीस आणल्या, खारांचे बांध पुन्हा घातले. आकारणी जमिनीच्या जातीप्रमाणें वेगवेगळी होती. भाताची कोठें मुडाबंदी, कोठें न मोजलेल्या तुकड्यावर हुंडा किंवा धेप. आणि डोंगरउतारावर, जेथें शेत दरसाल जागा बदलतें तेथें, नांगरबंदी, म्हणजे जमिनीवर नव्हे तर नांगरावर कर. धेप म्हणजे ढेंकूळ. अदमासानें ठरविलेल्या तुकड्यास हें नांव शोभतें. एका कागदांत मुडा व दुसऱ्यांत नांगर आला म्हणजे दोन्ही एका प्रांताचे असले तरी एका पट्ट्याचे नव्हेत, हें समजावें. फुलपाड्यासारख्या पायथ्याच्या जागीं हे दोन्ही प्रकार एकमेकांस भिडतात.

येथें ‘तालुके’ ह्या शब्दाविषयीं इशारा देणें जरूर आहे. हा शब्द इंग्रजी राज्यांतला समजून कित्येकांनीं अस्सल कागद बनावट ठरविले आहेत. पेशवाईंत कोंकणपट्टींत किल्ल्याच्या खर्चास लावून दिलेल्या मुलखास तालुका म्हणत; तालुके विजयदुर्ग, तालुके रत्नागिरी असे उल्लेख अठराव्या शतकांत आहेतच. म्हणून ‘तालुके वसई’ एवढ्यावरून कागद नवा ठरत नाहीं. पण त्यापुढें ‘जिल्हे ठाणें’ आलें तर मात्र तो इंग्रजी अमलांतलाच होय. कारण तोंवर ठाणें हें वसईचें वरिष्ठ नव्हतें, उलट ठाण्यावर वसईच्या सरसुभ्याची नजर असे.

साष्टी व वसई ह्यांचें दैव इ. स. १७७४ च्या अखेरीस वेगळें झालें. त्या डिसेंबरांत इंग्रजांनीं ठाणें घेतलें, साष्टी त्यांच्याकडे गेली, आणि सालबाईच्या तहानें, इ. स. १७८२ मध्यें, ती त्यांच्याकडेच कायम झाली. वसई गॉडर्डनें इ. स. १७८० च्या डिसेंबरांत घेतली होती, ती ह्याच तहान्वयें परत मिळून इ. स. १८१७-१८ च्या युद्धापर्यंत पेशव्यांकडे राहिली. म्हणजे खाडीच्या दोन तीरांवर चाळीस वर्षें दोन राज्यें होतीं. त्या मुदतींतील कागदांत साष्टींतील गांवचा वसूल पेशव्यांच्या कमाविसदाराकडे भरल्याचें दिसलें, तर तो कागद एकदां उन्हांत धरून पाहावा. खाडीच्या मधोमध पाणजू नांवाचें बेट आहे. जू किंवा जुवें म्हणजे बेट, हा शब्द गोव्यापासून येथपर्यंत चालतो; जुचंद्र हें गांवाचें नांवही त्याच कुळांतलें. अशा मधल्या गांवांचे ह्या काळांतील तंट्यांचे कागद विशेष जपावे, कारण शिवेचा प्रश्न तेथें दोन सरकारांचा प्रश्न झाला होता.

इंग्रजी अंमल व त्यानंतरची हकीकत थोडक्यांत सांगतों. उत्तर कोंकणचा जिल्हा पुढें ठाणें ह्या नांवानें ओळखला जाऊं लागला. परगणे व तर्फा मोडून तालुके एकसारखे झाले. मोजणी होऊन प्रत्येक शेतास आंकडा मिळाला, आणि शेतांचीं नांवें दप्तरांतून उतरलीं. इ. स. २००९ मध्यें वसई-विरार महानगरपालिका झाली व १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून पालघर जिल्हा वेगळा निघाला. आहार, विषय, खापणें, प्रगना, कासाबे, प्रांत हे सर्व गेले. खाजणांवर व भातखाचरांवर इमारती उभ्या राहिल्या, आणि पावसाळ्यांत पाणी जेथें तुंबतें तेथें जुनी खाडी आपली जागा दाखविते. विरारच्या पूर्वेच्या वस्तींत आज दूरदूरचे लोक राहतात. त्यांस परगणा ठाऊक नाहीं. पण रिक्षावाल्यास ते ‘फुलपाडा’ असेंच सांगतात.

संग्राहकांपाशीं मागणें आहे तें हें. ह्या भागांतील वांटणीपत्र, कौल, खरेदीखत किंवा तंट्याचा महजर हातीं आला, तर मायना व मिती उतरून घेऊन थांबूं नये. चतुःसीमेचा मजकूर अक्षरशः उतरून घ्यावा. त्यांतील बांध, उघाडी, बावखल, चिंच, देवाचा धोंडा, खिंड हे शब्द नकाशावर ठेवून पाहतां येतात. विरार, बोळिंज, सोपारें, आचोळें, गोखिवरें व वालीव ह्या गांवांच्या पूर्वपश्चिम सीमांचे पांचपंचवीस कागद एकत्र जमले, तर खाडीचा बुजलेला फांटा कोणत्या शेतांतून जात होता हें शेताशेतानें दाखवितां येईल. त्यांतही ज्या कागदांत पूर्वेची सीमा डोंगर व पश्चिमेची खाजण अशी असेल, तो प्रथम पाहावा. कारण तसा कागद फुलपाड्याच्या पट्टीचा असण्याचा संभव अधिक.